शब्दचर्चा : वेल्समधल्या दगडी शेतकरी घराला मराठीत काय म्हणावं?

वेल्समधल्या जुन्या शेतकरी घरांबद्दल मराठीत लिहायला घेतलंय आणि पहिल्याच शब्दाला अडले. ‘फार्महाऊस’ म्हटलं की आपल्याकडे कर्जत-मुळशीचा शनिवार-रविवारचा बंगला डोळ्यांपुढे येतो. मला सांगायचंय ते कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात आणून पुन्हा उभारलेल्या किलेवेन्त या घराबद्दल. मूळ घर १४७० च्या सुमाराचं, लाकडी सांगाड्याचं. १७३४ मध्ये ते बरंचसं दगडात बांधलं गेलं. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, वर छप्पर एकच. वेल्श भाषेत अशा घराला ‘टी हीर’ म्हणतात. टी म्हणजे घर, हीर म्हणजे लांब. पण ‘लांब घर’ वाचून मराठी माणसाला गुरांचा वासही येत नाही.

‘चिरेबंदी शेतघर’ चालेल का? आणि ‘शतकानुशतकं बदल होत गेलेलं घर’ हे फार निर्जीव वाटतं. दुसरं काही सुचतंय?

प्रतिसाद १

चिरेबंदी नकोच. चिरा म्हणजे घडवलेला, कडा साधलेला दगड. कोकणात जांभ्याचा चिरा म्हणतात तोच. वेल्समधल्या शेतकऱ्याची भिंत बहुतेक ठिकाणी आसपास मिळालेल्या अनघड दगडांची असते. कोपऱ्यांना नि दाराच्या बाजूंना मोठे निवडक दगड, मधे चिपा, माती किंवा चुना. त्यात चिरेबंदी शब्दाला ऐपतीचाही वास आहे. तो म्हटला की सरदाराचा वाडा दिसतो. साधं ‘दगडमातीचं घर’ म्हणा.

‘गडगा’ शब्दाचा मोह होईल, पण गडगा कोरडा रचतात, कुंपणासाठी. तिथल्या डोंगरउतारावर शेतांच्या कडेने जाणाऱ्या दगडी रांगांना मात्र गडगाच म्हणावं, दुसरा शब्द शोधू नये.

‘शेतघर’ मला पटत नाही. त्यात अवजारं ठेवायचं खोपटं ऐकू येतं. ‘शेतकऱ्याचं घर’ हे दोन शब्द पुरेत.

प्रतिसाद २

लाकडी घर दगडी कसं झालं, हे सांगायला आणखी एक शब्द लागेल. या घरांत वाकड्या खोडांच्या जोड्या असतात. बऱ्याचदा एकच झाड उभं चिरून दोन सारखे भाग काढतात आणि ते समोरासमोर उभे करून आढ्यापाशी जोडतात. छपराचा भार त्या जोड्या जमिनीपर्यंत नेतात. भिंत फक्त वारापाऊस अडवते, म्हणून छप्पर जागेवर ठेवून भिंती बदलता येतात.

या जोडीला वेल्श शब्द आहे ‘नेनफोर्ख’. नेन म्हणजे छत, फोर्ख म्हणजे दुबेळकं, दोन फाट्यांचं लाकूड. आपली मेढ आठवली ना? मेढही दुबेळक्याचाच खांब, आढं पेलणारा. तरी नेनफोर्खला मेढ म्हणू नये, कारण मेढ सरळ उभी असते आणि ही जोडी दोन्ही बाजूंनी वाकून येते. ‘कैची’, म्हणजे छपराची तिकोनी चौकट, म्हणावी तर ती भिंतीवर बसते, जमिनीवरून निघत नाही. मी ‘जमिनीपासूनची कैची’ लिहीन. लांब आहे, पण चूक नाही.

प्रतिसाद ३

‘बदल’ शब्दाबद्दल. इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, ती श्रीमंती वापरा. इंग्रजीतलं ‘ऑल्टर्ड’ एकटंच सगळं उरकतं. आपण पडवी काढतो, माळा घालतो, माडी चढवतो, खिडकी फोडतो, दार बुजवतो, छप्पर शाकारतो. प्रत्येक कामाला वेगळं क्रियापद, आणि त्यातच काय घडलं तेही कळतं.

वेल्समध्ये नेमकं हेच क्रमाने झालं. जुन्या घरात मधल्या मोठ्या दालनात उघडी चूल असायची, धूर छपरातून निघायचा. पुढे, मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकांत, दगडी धुराडं बांधलं गेलं. धूर धुराड्यातून जाऊ लागला तसा वरचा भाग मोकळा झाला आणि तिथे माळा घातला. म्हणून आज माळ्यावर गेलं तर कधीकधी वाशांवर जुनी काजळी दिसते, खाली चूल नसतानाही! ‘आधी धुराडं बांधलं, मग माळा घातला’ एवढं लिहिलं की घराचा निम्मा इतिहास सांगून होतो.

सेंट फॅगन्समध्येच दक्षिण वेल्समधल्या गॉवर द्वीपकल्पावरून आणलेलं केनिक्सटन आहे. १६१० चं घर, १६८० च्या सुमाराला वाढवलेलं, अठराव्या शतकाच्या मध्याला पुन्हा. बाहेरून लाल रंगवलेलं. लाल रंगाने वाईट शक्ती दूर राहतात अशी समजूत. तिथे ‘वाढवलं’ हेच योग्य. ‘जीर्णोद्धार’ देवळासाठी राहू द्या.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘चिरेबंदी’ खोडलं.

‘टी हीर’साठी मी आता ‘एका आढ्याखालचं घर-गोठा’ लिहिते आहे. शोधताना एक गोष्ट सापडली, ती इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. वेल्शमध्ये गोठ्याला ‘बेइदी’ म्हणतात. त्यात ‘बू’ म्हणजे गाय आणि ‘टी’ म्हणजे घर. आपला गोठा संस्कृत ‘गोष्ठ’वरून आला, गाई उभ्या राहण्याची जागा. दोन्हीकडे शब्दातच गाय बांधलेली आहे.

आता अडले आहे ती ‘हेन्द्रे’ आणि ‘हावोद’ या जोडीवर. हेन्द्रे म्हणजे खोऱ्यातलं हिवाळ्याचं मूळ घर, हावोद म्हणजे उन्हाळ्यात गुरं घेऊन डोंगरावर जाऊन राहायची जागा. हावोदला ‘वाडा’ म्हणावं असं मनात आहे, धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह मुक्कामाची जागा, या अर्थाने. सरदाराचा वाडा आडवा येईल का?

प्रतिसाद १

येईल. ‘डोंगरावरचा गुरांचा वाडा’ असं पूर्ण लिहा, मग नाही येणार.