हातच्याची वजाबाकी: काड्यांवरून वहीवर कसं न्यायचं? मदत हवी आहे

नमस्कार. मुंबईतली मराठी शाळा, दुसरीचा वर्ग. ५२ − २७ काड्यांवर बरोबर येतं: दहा-दहा काड्यांच्या पाच गठ्ठ्यांतला एक सोडला, सुट्या काड्या बारा झाल्या, त्यातून सात काढल्या, मग दोन गठ्ठे उचलले, उरल्या २५. तेच वहीत मांडलं की निम्म्याहून जास्त मुलांचं उत्तर ३५. एककात सातातून दोन वजा करतात, मोठ्यातून लहान. हा निष्काळजीपणा नाही. दशक आणि एकक त्यांना दोन वेगळी गणितं वाटतात.

बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या मांडणीनुसार या वयात विचाराला हातात धरता येईल अशा वस्तूंचा आधार लागतो, म्हणून काड्या घाईने काढायच्या नाहीत हे पटतं. मानसशास्त्रज्ञ ब्रूनर शिकण्याचे कृती, चित्र, चिन्ह असे टप्पे सांगतो. इथे मधलाच टप्पा कच्चा राहतोय: दशकाला रेघ, एककाला टिंब असं ठरलंय, पण मुलं आधी उत्तर लिहितात आणि चित्र नंतर काढतात. मग त्या चित्राचा उपयोग शून्य.

जोडीत एकाने गठ्ठा सोडायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने ५ खोडून ४, २ खोडून १२ लिहायचं, असं कुणी करून पाहिलंय का? मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्कीच्या विचाराने जोडीदार थोडा पुढचा हवा, पण मग लिहिणारा कायम तोच राहतो. अदलाबदल प्रत्येक उदाहरणानंतर करता का? आणि काड्या झाकायची वेळ आली, हे कशावरून ओळखता? वर्गात जागा कमी आहे, तेव्हा बाकावर मावेल असंच सुचवा.