अमेरिकन कलावंतांच्या उमेदवारीच्या दिवसांवरची पुस्तकं सुचवा

पानगळ:
नमस्कार मंडळी. भाच्यासाठी पुस्तकं हवी आहेत. तो १९ वर्षांचा आहे, कोल्हापुरात फोटोग्राफी शिकतो आणि दिवसा एका स्टुडिओत पासपोर्ट साइजचे फोटो काढतो. परवा मला म्हणाला, "मामी, अशी कामं करत राहिलो तर पुढे काही होणार का गं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलंय.

अमेरिकन फोटोग्राफर आणि जाझ ही त्याची दोन वेडं आहेत. मोठ्या माणसांची पाच मिनिटांची चरित्रं तो मोबाईलवर पाहतो. त्यात गरिबी एका वाक्यात उरकते आणि लगेच पुरस्कार येतो. मला नेमकं ते उरकलेलं वाक्य हवंय. नाव होण्याआधीची वर्षं, पोटासाठी केलेली कामं आणि हात कसा बसत गेला, हे ज्यात सावकाश आलंय असं काही. शक्यतो त्या माणसाने स्वतः लिहिलेलं. इंग्रजी चालेल, फार जड नको.

काजवा:
पानगळताई, तुमच्या भाच्यासाठी माझ्याकडे एकच नाव आहे: फोटोग्राफर गॉर्डन पार्क्स. पुस्तक 'अ चॉइस ऑफ वेपन्स', १९६६ सालचं.

जन्म १९१२, कॅन्ससमधलं फोर्ट स्कॉट. पंधरा भावंडांत सगळ्यात धाकटे. पोरवयात आई गेली, म्हणून मिनेसोटातल्या सेंट पॉलला बहिणीकडे पाठवलं. तिथे मेहुण्याने भर थंडीत घराबाहेर काढलं. सेंट पॉल आणि मिनिॲपोलिसच्या मध्ये फिरणाऱ्या ट्राममध्ये बसून त्यांनी रात्री काढल्या, कारण आत ऊब होती. पुढे वेश्यावस्तीत पियानो वाजवला, हॉटेलात कामं केली, आणि रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वेटर झाले. कुणा प्रवाशाने मागे टाकलेल्या मासिकात त्यांनी स्थलांतरित शेतमजुरांचे फोटो पाहिले आणि ते डोक्यातून जाईनात. तेव्हा वय पंचविशीचं, पदरी संसार. सिॲटलमध्ये गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा घेतला.

पुढचा प्रसंग भाच्याला मुद्दाम वाचायला लावा. सेंट पॉलमधल्या बायकांच्या कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात जाऊन त्यांनी फॅशनचे फोटो काढायचं काम मागून घेतलं. अनुभव शून्य. फिल्म धुतली तर एक सोडून सगळ्या फोटोंवर दुसरा फोटो चढलेला! त्या उरलेल्या एकाचाच मोठा प्रिंट काढून त्यांनी दुकानात लावला. काम टिकलं. मुष्टियोद्धा जो लुईची पत्नी मार्व्हा हिने त्यांचे फोटो पाहिले आणि शिकागोला यायला सुचवलं.

१९४२ मध्ये फेलोशिपवर ते वॉशिंग्टनला सरकारच्या फोटो विभागात गेले. प्रमुख होते रॉय स्ट्रायकर. त्यांनी सांगितलं, आधी कॅमेरा ठेव आणि शहरात फिरून ये. दुकान, उपाहारगृह, सिनेमा, सगळीकडून ते काळे म्हणून हाकलले गेले. त्यानंतर त्याच इमारतीत फरशी पुसणाऱ्या एला वॉटसन यांचा तो प्रसिद्ध फोटो निघाला: मागे अमेरिकेचा झेंडा, हातात झाडू, शेजारी पोछा.

'लाइफ' मासिकाची नोकरी १९४८ ची, पण हे पुस्तक महायुद्धाच्या दिवसांतच संपतं. म्हणजे तुम्ही मागताय तेवढंच त्यात आहे.

शाईचा डाग:
काजवाशी पूर्ण सहमत. माझी भर: कवी लँग्स्टन ह्यूज यांचं 'द बिग सी' (१९४०). पहिल्याच पानांवर ते मालवाहू जहाजावर कामाला लागलेत आणि आपली पुस्तकं समुद्रात फेकताहेत.

एक सांगते, कारण हा प्रसंग फार वेळा अर्धवट सांगितला जातो. १९२५ साली वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात ते उष्ट्या बश्या उचलायचं काम करत होते. जेवायला आलेल्या व्हेचल लिंडसे या नामवंत कवीच्या ताटाशेजारी त्यांनी आपल्या कविता ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'वेटर कवी सापडला'. ऐकायला छान आहे. पण त्यांची नद्यांवरची प्रसिद्ध कविता १९२१ मध्येच छापून आली होती, आणि पहिला संग्रह प्रकाशकाने आधीच स्वीकारला होता. चार-पाच वर्षं लिहून झाल्यावरची ही गोष्ट आहे. भाच्याला हे नक्की सांगा, नाहीतर पोरं कुणीतरी आपल्याला शोधायला येईल म्हणून वाट बघत बसतात.

जुनी पेटी:
जाझ आवडतं म्हणताय तर ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांचं 'सॅचमो: माय लाइफ इन न्यू ऑर्लिन्स' (१९५४) हवंच. जन्म १९०१. कोळशाच्या गाडीवर काम, रस्त्यात पोरांबरोबर गाणं. एका ३१ डिसेंबरच्या रात्री पिस्तुलाचा बार काढला म्हणून मुलांच्या सुधारगृहात रवानगी, आणि तिथल्या बँडमध्ये कॉर्नेट (ट्रंपेटसारखं वाद्य) हाती आलं. नंतर मिसिसिपीवरच्या बोटींवर वाजवता वाजवता नोटेशन वाचायला शिकले. पुस्तक १९२२ ला शिकागोत, जाझ वादक किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये पोचल्यावर थांबतं. भाषा समोर बसून बोलल्यासारखी आहे. चाकूमारी, वेश्यावस्ती सगळं येतं, पण १९ वर्षांच्या मुलाला ते झेपेल.

रानवारा:
विनोदवीर स्टीव्ह मार्टिन यांचं 'बॉर्न स्टँडिंग अप' पण बघा. दहाव्या वर्षी डिस्नेलँडमध्ये माहितीपुस्तिका विकायचे, मग तिथल्याच जादूच्या दुकानात. पातळ पुस्तक आहे, सुरुवात याने करा.

पानगळ:
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या एका वाचलेल्या फोटोचा प्रसंग मी त्याला रात्री फोनवर सांगितला. बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "बाकीचे का बिघडले, ते लिहिलंय का त्यात?" काजवा, आहे का?

काजवा:
दोनदा एक्सपोज झाले, फिल्म पुढे न सरकवता. डिजिटलवाल्याला ही चूक माहीतच नसणार, त्याला जुन्या कॅमेऱ्यावर एकदा करून बघू दे. आणि पुस्तक येईपर्यंत लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर एला वॉटसन यांचे बाकीचे फोटो दाखवा. तिथे ते मोफत बघता येतात. झेंड्याच्या फोटोवर पार्क्स थांबले नाहीत, त्यांच्या घरी आणि चर्चमध्ये जाऊन काढत राहिले. मला स्वतःला ते घरातले जास्त आवडतात.