बाबा गेले त्या रात्री मी जाळं बघत बसले

सांजवेळ:
पाच महिने झाले. घरात कुणाला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

बाबांच्या शेवटच्या सतरा रात्री मी त्यांच्या खाटेशी जागून काढल्या. खिडकीबाहेर एक दिवा होता आणि दिव्याखाली कोळी. पहाटे त्याचं जाळं नाहीसं व्हायचं, रात्री तो नवं विणायला घ्यायचा. आधी चाकाच्या आऱ्यांसारखे धागे, मग गोल फेरे. बाबांना मान वळवता येत नव्हती, म्हणून मीच सांगायचे, आता आरे झाले, आता फेरे चाललेत. ते विचारायचे, "झालं का गं त्याचं?" शेवटी शेवटी तेवढंच एक वाक्य स्पष्ट उमटायचं.

रात्री पावणेदोनला ते गेले. भाऊ कागदपत्रांसाठी खाली गेला. मी खिडकीकडे पाहिलं, तर तो विणत होता. भाऊ वर आला तोवर फेरे पुरे झाले होते आणि मी तशीच उभी होते. तेवढा वेळ मला ते सुंदर वाटत होतं. दुःख नव्हतं असं नाही, पण डोळे हलेनात. पाठीमागे माझे वडील होते.

कुणाला असं झालंय का? एक विनंती, तो कोळी म्हणजे बाबाच होते असं लिहू नका. बाबा खाटेवर होते.

रातवा:
नाही लिहिणार. कोळ्यांबद्दल थोडं सांगतो, कारण तुम्ही फार नीट पाहिलंय.

तो बहुधा 'ती' असणार. गोल जाळं विणणाऱ्या कोळ्यांत वयात आलेले नर विणणं सोडून जोडीदारीण शोधत फिरतात. आणि विणायला तिला दिव्याचा उजेड लागत नव्हता, दिव्यामुळे किडे येतात एवढंच. यांची नजर अधू असते, सगळं काम पायांनी चाचपत चालतं. ते फेरेही दोनदा होतात. पहिला मधून बाहेर जातो, विरळ आणि कोरडा, परांचीसारखा, नुसता पायाला आधार. मग ती कडेकडून आत येत चिकट धागा घालते आणि येता येता परांची काढून टाकते. जुनं जाळं बहुतेक वेळा ती स्वतःच खाते, आणि त्यातलं बरंच पुढच्या जाळ्याच्या रेशमात परत येतं.

माझी आई गेली तेव्हा मी मुंग्यांची रांग बघत होतो. आजवर कुणाला बोललो नव्हतो.

खडकपाणी:
माझं उलटं झालं. मुलगी गेल्यावर वर्षभर मला झाडाला फूल आलेलं सहन व्हायचं नाही. कुणी म्हणालं, निसर्गात जा, बरं वाटेल, की अंगाचा तिळपापड व्हायचा. निसर्गाला आपलं काही पडलेलं नसतं हे माझं मत आजही कायम आहे. तुम्हाला त्याच रात्री दिसलं, मला दिसायला फार काळ गेला. यात कुणाचं प्रेम कमी-जास्त नाही.

आता एक करतो. मृगातल्या तीन ताऱ्यांची रेघ पुढे ओढली की व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८.६ वर्षं लागतात. ती जाऊन सात वर्षं झाली. म्हणजे आज डोळ्यांत येतो तो प्रकाश निघाला तेव्हा ती होती, दुसरीत होती, दात पडत होते. दीड वर्षाने व्याध संपेल. मग प्रश्वा आहे, साडेअकरा वर्षांचा. मग श्रवण, जवळजवळ सतरा. अभिजित पंचवीस. तोवर मी असेन की नाही कोण जाणे, पण तारे ठरवून ठेवलेत.

शेवंती:
ताई, मी नर्स आहे, बहुतेक रात्रपाळ्याच. खिडकीकडची खाट मागणारे पेशंट मी रोज पाहते. रॉजर उलरिक यांचा १९८४ चा एक अभ्यास आमच्या शिक्षणात होता. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते समोर विटांची भिंत असणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. तुमच्या बाबांना तर खिडकी दिसतच नव्हती. ती तुम्ही त्यांना बोलून दाखवलीत. मला वाटतं त्या रात्री तुम्ही तेच करत होता, सवयीने. नातेवाईक नंतर बराच वेळ उशी सारखी करत राहतात, तसंच.

सांजवेळ:
शेवंतीताई, "फेरे झाले" असं मी त्या रात्री मोठ्याने म्हणाले होते. वर लिहायचं धाडस झालं नव्हतं.

खडकपाणी, तुमचं वाचून हिशेब केला. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा ताराही चार वर्षांहून लांब आहे. बाबांना पाचच महिने झालेत, म्हणजे माझ्याकडे अजून सगळेच आहेत. काल गच्चीवर गेले होते. ढग होते, दोनच दिसले. कोणते ते ओळखता आलं नाही, पण बराच वेळ थांबले.