‘टॉफी ॲपल’ला मराठीत काय म्हणावं?

पानगळ: मुलांच्या इंग्रजी गोष्टीचं भाषांतर करतेय. इंग्लंडमधलं यॉर्कशर, 5 नोव्हेंबरची रात्र. 1605 साली पार्लमेंट उडवायचा कट फसला, त्याची आठवण म्हणून जाळ, फटाके आणि काडीला टोचलेली टॉफी ॲपल. मी ‘पाकातलं सफरचंद’ लिहिलं. संपादकांनी खोडलं, म्हणाले मुरांबा वाटतो. काय लिहू?

खडीसाखर: संपादकांचं बरोबर आहे. पाकातल्या पुऱ्या म्हटलं की पाक आत मुरलेला. इथे फळ कच्चंच, आंबटसर, करकरीत आणि वर लाल कडक थर. ‘गोळीबंद पाकाचं सफरचंद’ म्हणा.

लेस्टरकर: गोळीबंद नाही हो! गोळीबंद पाकाची गोळी चिमटीत चेपते. हा पाक 150 अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावा लागतो. थेंब गार पाण्यात टाकला की कटकन मोडला पाहिजे. मी मुलांसाठी दरवर्षी करते. साखर, पाणी, गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट सोनेरी पाक) आणि चमचाभर व्हिनेगर. आपण पाकात लिंबू पिळतो ना, त्याच कारणासाठी, पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून. दुकानातल्या सफरचंदांवर मेण असतं. ते कढत पाण्यानं धुऊन, पुसून कोरडं करा, नाहीतर पाक धरतच नाही, सगळा ओघळतो.

शब्दवेडा: ‘टॉफी’ म्हटलं की मुलांना कागदातली गोळी दिसणार. ‘काचपाकाचं सफरचंद’ असा शब्द घडवू या.

खडीसाखर: मुलांच्या खाऊच्या नावात काच नको.

अकोलेकर: ‘टॉफी ॲपल’च ठेवा. केक, बिस्किटाला आपण कुठे शब्द शोधले? शिवाय कॅरॅमल ॲपल वेगळं, त्याचा थर मऊ आणि चिवट. ‘पाका’त दोन्ही एक होतील.

शब्दवेडा: हेच म्हणत मराठी रिकामी होतेय.

अकोलेकर: ‘सफरचंद’ तरी मूळचा आपला आहे का? मला तो अरबी ‘सफरजल’वरून आलेला वाटतो. सफरजल म्हणजे बिही, वेगळंच फळ.

शब्दवेडा: मग ‘चंद’ कुठून आला? मला नाही पटत.

पानगळ: त्या जाळाचंही सांगा ना कुणी. ‘शेकोटी’ लिहिलंय.

खडीसाखर: शेकोटीला चार माणसं हात शेकतात. त्या कटातल्या गाय फॉक्स नावाच्या माणसाचं बुजगावणं जाळतात ती होळीच.

अकोलेकर: ‘होळी’ लिहिलंत की फाल्गुन आला, पुरणपोळी आली. तिथे तर कार्तिकाच्या आसपासचे दिवस.

लेस्टरकर: आमची मुलं त्या रात्रीला होळीच म्हणतात. कुणी शिकवलेलं नाही.

शब्दवेडा: मुलं म्हणतात म्हणून पुस्तकात छापायचं?

लेस्टरकर: पुस्तक मुलांचंच आहे ना!