मदत हवी आहे: डेबियन लिनक्सवर नवीन इंकस्केप टाकताना गनोमच काढायला निघालंय

शहापूरकर: अर्जंट आहे. शेप बिल्डर (आकार जोडायचं टूल) पाहिजे म्हणून नवीन इंकस्केप (डिझाइनचं सॉफ्टवेअर) टाकायला गेलो, तर अॅप्ट (डेबियनचा पॅकेजं टाकणारा प्रोग्रॅम) गनोम म्हणजे अख्खा डेस्कटॉपच काढतो म्हणतंय. यादी संपेना. उद्या सकाळी लग्नपत्रिका छापायला द्यायच्यात. काय करू?

गणेशपूर_गल्ली: डेबियन कुठलं? सोर्सेस लिस्टमध्ये (अॅप्टनं पॅकेजं कुठनं घ्यायची ती यादी) काय घातलास?

शहापूरकर: स्टेबलच की ओ.

गणेशपूर_गल्ली: अरे, १२ का १३?

शहापूरकर: १२. व्हिडिओत बघून खाली ट्रिक्सीची, म्हणजे १३ ची ओळ घातली.

निपाणी_नाका: आर्च लिनक्स टाक. कायम नवीनच मिळतंय.

गणेशपूर_गल्ली: लग्नसराईत दुकानाच्या मशीनवर आर्च? मग पत्रिका तूच छापून दे.

खानापूर_मास्तर: बुकवर्ममध्ये, म्हणजे तुझ्या १२ मध्ये, ग्लिबसी (जवळजवळ सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी, पॅकेजचं नाव लिबसी) २.३६, ट्रिक्सीत २.४१. तिथलं इंकस्केप ओढलं की मागोमाग लिबसी येतं, आणि त्याच्यामागं निम्मी सिस्टिम. डेबियनच्या विकीवर असल्या खिचडीला फ्रँकनडेबियन म्हणतात. अॅप्टनं विचारल्यावर वाय (हो) दाबलंस का?

चिकोडी_टेक: पिनिंग करा, म्हणजे कुठल्या आवृत्तीला किती प्राधान्य ते ठरवा. ट्रिक्सीला १०० द्या, विषय संपला.

खानापूर_मास्तर: संपत नाही. पिन केल्यानं बाकीची पॅकेजं आपोआप चढत नाहीत, एवढंच. इंकस्केप ट्रिक्सीतनं मागितलं की लिबसी येणारच.

वडगाव७०: कन्नड टायपिंगला आयबस-एम१७एन बेस्ट. इनस्क्रिप्ट शिका.

शहापूरकर: ते कुणी विचारलंय? मास्तर, वाय दाबलो नाही, टर्मिनल तसंच उघडं आहे.

खानापूर_मास्तर: मग वाचलास. एन (नाही) दाब, ट्रिक्सीची ओळ काढ, अॅप्ट अपडेट मार. मग अॅप्ट पॉलिसी लिबसी-६ बघ. इन्स्टॉल्डसमोर २.३६ असलं तर काही बिघडलं नाही. २.४१ असतं तर मागं फिरवण्यापेक्षा सगळंच १३ वर नेणं बरं, डाउनग्रेडला डेबियनचा सपोर्ट नाही. इंकस्केप फ्लॅटहबवरनं (फ्लॅटपॅक पॅकेजांचं ऑनलाइन भांडार) घे, फ्लॅटपॅक आपल्या लायब्ररी सोबतच आणतं, सिस्टिमच्या लिबसीला हात लावत नाही.

चिकोडी_टेक: फ्लॅटपॅक म्हणजे नुसता डिस्कचा सत्यानाश.

गणेशपूर_गल्ली: गनोम गेल्यावर मोकळी डिस्क घेऊन काय करणार?

शहापूरकर: २.३६ च आहे. पण फ्लॅटपॅकमध्ये माझे फॉन्ट दिसतील काय? वरती कन्नड, खाली मराठी, दोन्ही लागतात.

खानापूर_मास्तर: सिस्टिमचे दिसतात, होममधल्या फॉन्ट फोल्डरमधलेही. इंकस्केप बंद करून परत उघड.

शहापूरकर: आलं! शेप बिल्डर चालतंय. जुनं १.२ पण तसंच आहे, ते काढू काय?

खानापूर_मास्तर: उद्याचं काम होईपर्यंत हात लावू नको.

वडगाव७०: शंभर पत्रिकांचा दर काय लावतोस? आमच्याकडं वास्तुशांती आहे.