मदत हवी आहे: लेकाच्या बोरन्हाणाला औक्षण मला करायचंय, घरी कसं बोलू?

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी जयसिंगपूरजवळच्या एका गावात राहते, पतसंस्थेत नोकरी करते. घरात मी, सासूबाई (मी त्यांना आत्ती म्हणते) आणि माझा लेक. मार्चमध्ये तो तीन वर्षांचा होईल. माझे मिस्टर सव्वा वर्षापूर्वी, भाद्रपदात गेले. हार्ट अटॅक आला, दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही. गेली संक्रांत सुतकी वर्षातलीच, त्यामुळे घरात काही करायचा प्रश्नच नव्हता. आता वर्षश्राद्ध झालंय. यंदा लेकाचं बोरन्हाण करायचं असं मी मनाशी ठरवलंय.

त्याचं पहिलं बोरन्हाण तो दहा महिन्यांचा असताना झालं होतं. आमच्याकडे पूर्वी याची फार पद्धत नव्हती, पण ह्यांनाच हौस. शेतातून चांगला जाड ऊस आणला, ओट्यावर बसून कोयत्याने त्याचे बोटाएवढे करवे केले. प्रत्येक करवा साल काढल्यावर अंगठ्याने चाचपून बघत होते, कुठे टोचेल का म्हणून. मी म्हटलं, अहो डोक्यावरून ओतायचेत, खायला थोडेच द्यायचेत? तर म्हणाले, डोक्यावरच पडणार ना, मग टाळू केवढी मऊ आहे त्याची. लेकाने हलव्याचा मुकुट ओढून काढला आणि चोखत बसला, तो फोटो अजून फ्रीजवर आहे. त्या दिवशी पहिलं औक्षण मी केलं होतं.

यंदाचा विषय मी काढला तेव्हा थोरल्या जाऊबाई लगेच म्हणाल्या, "करूया की. पाच सवाष्णी मी सांगते. तू चहा-खाण्याचं तेवढं बघ." त्यांच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. हे गेले तेव्हा महिनाभर माझ्या घरची चूल त्यांनी सांभाळली आहे, हे मी कधी विसरणार नाही. पण "तू चहाचं बघ" हे ऐकलं आणि माझ्या पोटात तुटलं.

कारण दिवाळीत हेच झालं होतं. पहिल्या अंघोळीला लेकाला पाटावर बसवलं, जाऊबाईंनी ताट घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारात टॉवेल घेऊन उभी. त्याने मान वळवून मला शोधलं आणि म्हणाला, "आई, तू कर की." सगळे गप्प झाले. जाऊबाईंनी पटकन ओवाळून घेतलं. तेव्हापासून तो घरात स्टीलची ताटली घेऊन फिरतो, त्यात बाटलीचं टोपण ठेवतो (ते निरांजन) आणि आपल्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरला ओवाळतो. परवा ती ताटली माझ्या हातात देऊन पाटावर बसला. मी ओवाळलं. खोटं निरांजन चालतं, मग खरं का नाही, हे तीन वर्षांच्या मुलाला मी काय म्हणून समजावून सांगू?

आता आत्तींबद्दल. त्या हट्टी नाहीत, दुष्ट तर अजिबात नाहीत. माझी टिकली त्यांनी कधी काढायला लावली नाही. पण त्या स्वतः हे तिसरीत असताना विधवा झाल्या, आणि त्यानंतर त्यांनी आपल्या मुलाला एकदाही ओवाळलं नाही. दर वर्षी ह्यांच्या काकूंनी ओवाळलं. आमच्या लग्नात हळदीच्या वेळी आत्ती माजघराच्या दाराआड उभ्या होत्या, हे मला ह्यांनीच सांगितलंय. त्यामुळे त्यांच्यासमोर हा विषय काढायचा म्हणजे त्यांच्या सगळ्या आयुष्याला "तुम्ही उगीच मागे राहिलात" असं म्हणण्यासारखं होईल का, याची मला भीती वाटते. संक्रांतीचं हळदीकुंकू गल्लीत घरोघर चालतं, बायका आमच्या दारावरून पुढे जातात. दोघीही आत बसून तो आवाज ऐकतो. त्याबद्दल आम्ही एकमेकींशी कधी बोललेलो नाही.

तर मदत ही हवी आहे. ज्यांनी घरात असं काही केलं, त्यांनी सुरुवात कशी केली? आधी जाऊबाईंशी बोलू की आत्तींशी? की न विचारता सरळ ताट हातात घेऊ?

आणि एक साधा प्रश्न. लेक आता हाताला लागेल ते तोंडात घालतो. बोरं, हरभरे, शेंगदाणे हे सगळं ओतणं बरोबर आहे का?

प्रतिसाद १

ताई, न विचारता ताट घेऊ नका. सगळ्यांसमोर सासूबाईंच्या तोंडून "नको" निघून गेलं तर त्यांना ते परत घेता येणार नाही आणि तुम्हाला ते विसरता येणार नाही. आधी त्यांच्याशीच बोला, दोघीच असताना. जाऊबाई नंतर.

माझे वडील मी सातवीत असताना गेले. भावाच्या मुंजीत आईने मातृभोजनाला बसायचं की नाही यावर घरात दोन दिवस खल चालला होता. शेवटी आजी म्हणाली, मातृभोजन म्हणजे आईबरोबरचं जेवण, मग आई नको तर कोण हवं? विषय तिथेच मिटला. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने शब्द टाकला की बाकीचे बोलत नाहीत, हा माझा अनुभव.

प्रतिसाद २

बोरांबद्दल लिहिते, कारण बालरोगतज्ज्ञांकडे काम करते आणि हे दर वर्षी पाहते. चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, हरभरे, कडक गोळ्या, बी असलेली बोरं देऊच नयेत, घशात किंवा श्वासनलिकेत अडकतात. मूल हसता-रडताना तोंडात काही असेल तर धोका आणखी वाढतो, आणि बोरन्हाणात मुलं नेमकी हसत-रडतच असतात. डोक्यावरून फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओता. चुरमुरेही त्याला एकट्याला बसवून मूठमूठ खाऊ देऊ नका. बोरं, ऊस, हरभरे ताटात बाजूला ठेवा आणि मोठ्या मुलांना हातात द्या. काटेरी हलवाही कडकच असतो, दागिने दोऱ्यात घट्ट ओवलेत ना ते बघा आणि फोटो झाले की काढून घ्या. चुरमुरे गोळा करायला दहा मुलं एकदम तुटून पडतात, तेव्हा लेकाला आधी उचलून कडेवर घ्या.

प्रतिसाद ३

मी शिरोळ तालुक्यातलीच. हेरवाड तुम्हाला काही लांब नाही. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. १७ मे ला ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आणि महाराजांनी आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला तो १९१७ साली. म्हणजे आपल्या मातीत हे नवीन नाही.

पण हे सगळं सासूबाईंपुढे वाचून दाखवू नका. ठराव गावाने केला तरी चुलीपाशी पोचायला वेळ लागतो, मी माझ्या माहेरी बघितलंय. हे तुमच्यासाठी लिहिलंय, तुम्हाला आतून बळ यावं म्हणून.

घाईही करू नका. बोरन्हाण संक्रांतीलाच हवं असं नाही, रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. हाताशी दिवस आहेत.

प्रतिसाद ४

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. सासूबाईंचं वय बघता त्यांच्या मनाला लागेल असं करू नये. मुलगा गमावलेली बाई आहे ती. जाऊबाईंना ओवाळू द्या, तुम्ही लेकाला मांडीवर घेऊन पाटावर बसा. आई जवळ आहे एवढंच त्याला कळतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४, मी अजिबात रागावलेले नाही, तुम्ही आत्तींचा विचार केलात म्हणून बरंच वाटलं. फक्त त्याला तेवढंच कळतं असं मला वाटत नाही. त्याने दिवाळीत "तू कर की" म्हटलंय.

चुरमुरे आणि झेंडू-शेवंतीच्या पाकळ्या नक्की. ऊस मात्र आणणार, ताटात ठेवायला. तो ह्यांचा आहे.

काल रात्री आत्तींशी बोलले. लेक झोपला होता, त्या सुपात तीळ निवडत बसल्या होत्या. कशी सुरुवात करू हे दिवसभर घोकलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही. एकदम विचारून बसले, "आत्ती, ह्यांना तुम्ही कधी ओवाळलं होतं का हो?"

सूप हलायचं थांबलं. मग म्हणाल्या, "तिसरीपतोर मीच ओवाळत हुते. मग चुलतीनं. त्यो पाटावर बसून माझ्याकडं बघायचा आणि मी चुलीकडं बघायची."

मी सांगितलं, मला चुलीकडे बघायचं नाही, आत्ती. मला ओवाळू द्या.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझं काय न्हाई गं. पर पोराला काय झालं, तर मला आता सोसंल का?"

एवढंच होतं त्यांच्या मनात. मला वाटत होतं गावाची लाज असेल, जुनं वळण असेल. त्यांना भीती होती. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, की ह्यांना तर आयुष्यभर सवाष्णींनीच ओवाळलं, काय उपयोग झाला? पण ते बोलले नाही, आणि बोलले नाही ते बरं झालं. मी नुसती त्यांच्याजवळ सरकले आणि दोघींनी मिळून उरलेले तीळ निवडले. हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत.

आज सकाळी कामावर निघाले तर ओट्यावर तांब्याचं ताम्हण चिंचेने घासून उन्हात पालथं घातलेलं. आत्ती म्हणाल्या, "डब्यातली सुपारी किडलीया. येताना नवी आण."

जाऊबाईंशी रविवारी बोलेन. पाच सवाष्णी त्यांनी सांगितल्या आहेत त्या येऊ देत, मला कुणालाही परत पाठवायचं नाही. पहिली मी, मग आत्तींना जमलं तर आत्ती, मग त्या सगळ्या. आत्तींना मी आग्रह करणार नाही. ताट त्यांच्या हाताला लागेल असं जवळ ठेवेन, एवढंच.

आणि काळं झबलं त्याच शिवणार म्हणतायत, मशीन पुसून ठेवलंय. तीन वर्षांच्या मुलाला झबलं आणि टोपी दोन्हीसाठी एक मीटर कापड पुरेल का? उद्या आमचा बाजार आहे, कुणी आज सांगितलं तर बरं होईल.