बायबल उघडून बोट ठेवलं, हाच देवाचा होकार का?

ख्रिस्तात सलाम. कुर्ल्याची नोकरी सोडून पुण्याला जावं का, म्हणून बायबल कुठेही उघडलं; यिर्मया २९:११ आलं, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत असं सांगणारं वचन. जाऊ का?

उत्तर १: ताई, एवढ्यावर नको. ते बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे. आधीचं दहावं वचन वाचा: ७० वर्षं थांबायचंय! पाचव्यात तर तिथेच घरं बांधा, मळे लावा म्हटलंय.

उत्तर २: लोकलमध्ये रोज एक अध्याय, पण सलग वाचा. उड्या मारल्या की मनातलंच सापडतं. याकोब १:५ प्रमाणे ज्ञान मागा. पगार, घरभाडं, तिथली मंडळी (चर्च) कागदावर मांडा आणि पाळकांना दाखवा.

उत्तर ३: गिदोनाने देवाकडे खूण मागायला लोकर ठेवली, तशी लोकरही ठेवू नका. शास्ते ६ मध्ये देवाची आज्ञा त्याला आधीच मिळाली होती.